चाळीस डुकरांची अब्रू

लवू साटमाने आयुष्यात एकच केस केली आणि ती जिंकला. जिंकल्याचे दुःख काय असते ते त्याच्याकडून ऐकावे. हरलेला माणूस निदान वकिलाला आणि सरकारला चार शिव्या घालून मोकळा होतो. जिंकलेल्याने शिव्या द्यायच्या कोणाला?

कणकवलीहून आत बारा किलोमीटरवर वायंगणवाडी. लवूची भातजमीन गावाच्या टोकाला, पार रानाला टेकलेली. रान आणि भात यांच्यामध्ये एक गडगा, म्हणजे नुसते दगडांवर दगड रचलेले कुंपण. डुकराला तो गडगा म्हणजे उंबरठा. भात पोटरीला आले की डुकरांचा कळप यायचा आणि एका फेरीत निम्मे शेत लोळवून जायचा. खाण्याचे सोडा हो, खाल्ले असते तर एक वेळ दुःख नसते. लोळवायचे.

म्हणून लवूकडे बंदूक होती. ठासणीची, एकनळी, शेतीसंरक्षणाच्या परवान्याची, बाप बाबल्याकडून आलेली. बाबल्या साटम खरा निशाणबाज. त्याने डुक्कर पाडले की केळीच्या पानात वाटे बांधून घरोघर जायचे. ज्याच्याशी बांधावरून भांडण, त्याच्याही घरी जायचा. गावाची ती रीतच होती. रानातले जनावर एकट्याचे नसते, ज्याने मारले त्याने गावाला वाटा द्यायचा. बाप गेला १९७१ साली, आणि बंदुकीबरोबर लवूच्या अंगावर बापाचे नावही येऊन पडले.

आता एक गोष्ट तुम्हाला म्हणून सांगतो. ती गावात फक्त दोघांना ठाऊक होती, लवूला आणि त्याच्या बायकोला, चंद्रावतीला. लवूने उभ्या जन्मात एक डुक्कर मारले नव्हते. डुक्कर जाऊ द्या, ससा नाही.

बापाच्या वर्षश्राद्धाआधीची गोष्ट. पहाटे रताळ्यांच्या वाफ्यात एक डुकरीण आली, मागे पाठीवर पट्टे असलेली पाच पिल्ले. लवूने नेम धरला. बोट घोड्यावर. पिल्ले आईच्या पोटाखाली घुसून ढुशा देत होती. लवू पाव तास तसाच उभा राहिला, आणि डुकरीण पोटभर रताळी खाऊन, पिल्लांना घेऊन, सावकाश निघून गेली. सकाळी चहाच्या टपरीवर लोकांनी विचारले, "काय रे लवू, गावला काय?" तेव्हा बाबल्याच्या मुलाने काय सांगावे? लवू म्हणाला, "लागला. पण जखमी होवन व्हाळापलीकडे गेला."

त्या दिवसापासून लवू नळीत दारू ठासायचा, वरून काथ्याचा बोळा कोंबायचा, आणि छर्रे घालायचाच नाही. मोठा बार व्हायचा, डुकरे चौखूर पळायची, भात वाचायचे. काम चोख. फक्त टपरीवर दर वर्षी एखाददुसरे डुक्कर जखमी होऊन ओढ्यापलीकडे जायचे. असे करता करता तेहतीस वर्षांत आकडा चाळिसावर गेला.

"चाळीस डुकरां आणि एकाचीय तंगडी घराक येवक नाय," चंद्रावती म्हणायची. "लोकां इचारतीत तेवा काय सांगशात?"

"माज्या बंदुकीक कोण इचारणार?" लवू म्हणायचा. आणि खरेच, तेहतीस वर्षे कोणी विचारले नाही. मनात मात्र गावाने नोंद ठेवली होती.

मग २००४ साल उजाडले आणि गुरुप्रसाद तवटे मुंबईची नोकरी संपवून गावी राहायला आला. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. त्याच्या थोरल्या भावाचा डोळा शिकाऱ्याच्या छर्ऱ्याने गेला होता. करवंदीच्या जाळीत हालचाल दिसली म्हणून कोणीतरी बार टाकला आणि जाळीत डुकराऐवजी हा पोरगा निघाला. त्या दिवसापासून बंदूक दिसली की गुरुप्रसाद रस्ता बदलायचा. एवढ्यावर थांबला असता तर बरे. पण मुंबईच्या कचेरीत तीस वर्षे खर्डे लिहिलेला माणूस, त्याला गप्प बसणे कसे जमावे?

त्या सप्टेंबरात विधानसभेच्या निवडणुकीसाठी परवान्याच्या सगळ्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायचा हुकूम निघाला. असा हुकूम प्रत्येक निवडणुकीला निघतो. डुकरांना निवडणुकीची तारीख कोण कळवते कोण जाणे, पण नेमकी तेव्हाच ती येतात. ग्रामसभेत लवू म्हणाला की भात पोटरीला आले असताना बंदूक नेणार, तर राखणीला सरकारने माणूस द्यावा. गुरुप्रसाद उठला.

"माझी सूचना अशी आहे," तो म्हणाला, "की जमा केलेल्या बंदुका परतच देऊ नयेत. राखण हे निमित्त आहे. हे सगळे परवानाधारक खुनी आहेत."

वायंगणवाडीत परवानाधारक एकच होता. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिले.

लवूचे डोके सणकले. "आणि तू कोण रे?" तो म्हणाला. "डुकरांचो जावई!"

सभा अशी हसली की ग्रामसेवकाला लिहिणे थांबवावे लागले. नाव चिकटले. दुसऱ्या दिवशी दुकानात, तिसऱ्या दिवशी एसटीत, "जावयबापू इले" म्हणून जागा करून देऊ लागले. गुरुप्रसाद हे गिळायला तयार होता. पण त्याची बायको सुगंधा आचऱ्याची. नवरा डुकरांचा जावई, तर आचऱ्याला बसलेला तिचा बाप कोण झाला? हा हिशोब तिने पहिल्या दिवशीच केला आणि नवऱ्याला ऐकवला.

"तुमी कागद लिवतास ना मोठे?" ती म्हणाली. "मग देवाक लिवा."

आमच्याकडे माणसाला न्याय हवा असला की तो पहिला देवळात जातो. नारळ ठेवायचा आणि गावकाराकडून गाऱ्हाणे घालून घ्यायचे. गावकार देवासमोर उभा राहून मोठ्याने मागणे सांगतो आणि प्रत्येक वाक्याला जमलेला गाव "व्हय म्हाराजा" म्हणतो. लहानपणापासून म्हणतो. ऐकून म्हणतो असे नाही. गावकाराचा सूर खाली आला की तोंड आपोआप उघडते.

दसऱ्याला देऊळ भरले होते. निवडणूक पार पडली होती, चार दिवसांत बंदूक परत मिळायची होती, लवू खुशीत पुढच्या रांगेत हात जोडून उभा होता. गावकार सत्यवान म्हातारा, डोळ्यांना कमी दिसायचे, पण आवाज खणखणीत. गुरुप्रसादाने सगळे गाऱ्हाणे कागदावर लिहून त्याला आधी दोनदा वाचून दाखवले होते.

"बा देवा म्हाराजा," सत्यवानाने सुरुवात केली, "ह्यो तुजो गुरुप्रसाद तुज्या पायाकडे नारळ ठेवन सांगणा करता, म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"गावात राखणीची म्हणान जी बंदूक आसा, तिना आजपावत चाळीस डुकरां मारल्यान, म्हाराजा..."

लवूची छाती फुगली. देवाच्या दारात, साऱ्या गावासमोर, चाळीस! बापाचीही एवढी झाली नव्हती. "व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज त्याचा होता.

"तेचो वाटो गावात एकाच्याय घराक पोचाक नाय, म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" या वेळी गावाच्या आवाजात जरा जास्तच जोर होता.

"ता मटाण कणकवलेक हाटेलात इकला गेला, म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" लवूचे तोंड सुरावर चालले होते.

"त्या लवू साटमाक बरी बुद्धी दी, आणि ती बंदूक पुन्ना गावात येव नये असा कर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" लवूही म्हणाला. आणि मग शेजारचा माणूस आपल्याकडे का बघतोय ते त्याच्या ध्यानात आले.

शिकारी म्हटले असते तर लवू घरी जाऊन आणखी दोन घास जास्त जेवला असता. पण वाटा चोरला, गावाचे मटण गुपचूप विकून खाल्ले? बाबल्याच्या मुलाने? त्याला रात्रभर झोप आली नाही. आठवड्यात देवळातली गोष्ट ठाण्यात पोचली, आणि परवानाधारकाविरुद्ध तक्रार आहे, सबब शस्त्र परत देता येत नाही, असा शेरा पडला. डिसेंबरात परवान्याचे नूतनीकरण होते, तेही अडकले. नाव गेले, बंदूक गेली, आणि बंदूक नसली तर पुढचे भातही जाणार हे डुकरांनीच दिवाळीपर्यंत दाखवून दिले.

लवूने कणकवलीत ॲडव्होकेट किशोरी यांना गाठले. पोरगी तरणी, चष्मेवाली, पण डोक्याने तल्लख. तिने अब्रुनुकसानीची फिर्याद लावली. कलम पाचशे. लवूला तो आकडा फार आवडला. टपरीवर तो "माजी पाचशेची केस" म्हणू लागला.

तारखा पडत गेल्या. दोन पिके डुकरांनी लोळवली. चंद्रावती डबा बडवत बांधावर बसायची. पण लवूला डबा हातात घ्यायची लाज वाटायची. बंदूकवाल्याने डबा बडवायचा म्हणजे काय? तो तिच्या शेजारी नुसता बसून राहायचा.

२००७ साली त्याची साक्ष लागली. आदल्या आठवड्यात किशोरीने परवान्याचे पुस्तक मागवून घेतले, मागची पाने चाळली आणि मध्येच थांबली. दुकानातून घेतलेल्या प्रत्येक मालाची नोंद त्या पानांवर असते.

"काका, दर वर्षी दारू घेतलीत, बार पेटवायच्या केपा घेतल्यात. छर्रे कुठे आहेत?"

लवू पंख्याकडे बघू लागला.

"एकाहत्तरपासून एकदाही छर्रे घेतले नाहीत. मग चाळीस डुकरे कशाने मारलीत?"

"बाबाच्या वेळचे होते," लवू पुटपुटला.

"आसत अजून," मागून चंद्रावती म्हणाली. "बिस्कुटाच्या डब्यात. सील फोडूक नाय."

किशोरीने चष्मा काढला. तिला सगळे समजले, आणि वाईट म्हणजे तिला आनंद झाला. "काका, केस जिंकलो. मारलेच नाही तर विकले काय? हे पुस्तक दाखवायचे आणि शपथेवर सांगायचे, एकही नाही."

"बाई," लवू म्हणाला, "दुसरा कायतरी सांगूया. विकूक नाय, असा सांगतंय. मारूक नाय, असा नको."

"चाळीस मारली म्हणालात तर वनखाते तुम्हाला उचलेल. विनापरवानगी डुक्कर मारणे गुन्हा आहे. चाळीस म्हणालात तर बंदूक गेली आणि तुम्हीही गेलात. शून्य म्हणालात तर दोन्ही सुटतात."

"आणि माजा नाव?"

"नावासाठीच तर केस केलीत."

कोणत्या नावासाठी, हे तिला कसे समजावायचे? वाटाचोर म्हणून जगणे अशक्य होते. पण तेहतीस वर्षे फुसका बार उडवणारा बाबल्याचा मुलगा म्हणून जगणे शक्य होते का, हे त्याला ठाऊक नव्हते.

साक्षीच्या दिवशी निम्मी वायंगणवाडी सकाळच्या एसटीने कणकवलीला आली. मॅजिस्ट्रेट घाटावरचे, नवे, शांत गृहस्थ. गुरुप्रसादाच्या वकिलाने उलटतपासणी सुरू केली.

"देवळात प्रत्येक वाक्याला तुम्ही 'व्हय म्हाराजा' म्हणालात?"

"म्हणालो."

"म्हणजे आरोप तुम्हीच देवासमोर मान्य केलात."

"साहेब, गाऱ्हाण्यात सगळेच तसं म्हणतात."

मॅजिस्ट्रेटनी पेन खाली ठेवले. "समजा एखाद्याला वाक्य मान्य नसेल, तर तो काय म्हणतो?"

लवूने सत्यवानाकडे पाहिले, सत्यवानाने छपराकडे. शेकडो वर्षांत हा प्रश्न वायंगणवाडीला पडला नव्हता.

"तशी सोय नाय, साहेब," शेवटी सत्यवान बाकावरूनच म्हणाला.

"तुम्ही आरोपीला 'डुकरांचा जावई' म्हणालात?" वकिलाने पुढे विचारले.

"म्हणालो. पण त्यांनी मला आधी खुनी म्हटलं."

मागे बसलेल्या सुगंधाने पदर नीट केला आणि लवूकडे पाठ फिरवली.

"चाळीस हा आकडा आरोपीने कुठून आणला? टपरीवर तुमच्याच तोंडून ऐकला, हे खरे ना?"

"खरं."

"मग खरे काय ते सांगा. तुम्ही आजवर किती डुकरे मारलीत?"

लवूने मागे पाहिले. टपरीवाला होता, पोलीस पाटील होता, ज्यांनी ज्यांनी ओढ्यापलीकडे गेलेल्या डुकरांसाठी हळहळ केली होती ते सगळे होते. चंद्रावती दाराशी बिस्किटाचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. ती त्याच्याकडे रागाने बघत नव्हती, आणि हसतही नव्हती. ती नुसती वाट पाहत होती, शेताच्या बांधावर पाहायची तशी.

"एकपण नाही," लवू म्हणाला.

"मोठ्याने सांगा."

"एकपण नाय, साहेब!" त्याचे शहरी मराठी संपले. "डुकरीण होती, पोरां होती तिची पाच. माका बोट दाबूक झाला नाय. मगे कधीच झाला नाय. मी नुसतो आवाज करतंय. लोकांक खोटा सांगितलंय. बाबाच्या नावासाठी सांगितलंय."

कोणीतरी फिसकन हसले. मग सगळे. मॅजिस्ट्रेटनी टेबलावर हात आपटला. परवान्याचे पुस्तक पुढे आले, डबा पुढे आला, सीलवरची धूळ बोटाने पुसून पाहिली गेली. गुरुप्रसाद मात्र हसला नाही. तो आरोपीच्या जागी उभा होता, तिथून त्याने वकिलाला बाजूला सारले.

"साहेब, माझे चुकले," तो म्हणाला. "सगळ्या जिल्ह्यात मला शोधून सापडला नसता असा बंदूकवाला माझ्या शेजारी होता, आणि मी त्याच्यावरच कागद लिहिला." तो लवूकडे वळला. "मी लेखी माफी मागतो."

माफीवर केस मिटली. गुरुप्रसादाने माफीनामा दिला, तो मॅजिस्ट्रेटनी वाचला, चुकीच्या जागी असलेले दोन अनुस्वारही गुरुप्रसादाने जागच्या जागी दुरुस्त केले. किशोरीने लवूचा हात हातात घेऊन हलवला. एसटीत परतताना कोणी लवूला हाक मारली नाही. नुसते एकेकजण तोंडाने "ढाम" असा आवाज काढत होते आणि खिडकीबाहेर बघत होते.

जिंकल्याचे पत्र पंधरा दिवसांनी आले. नूतनीकरणाच्या अर्जावर कचेरीचा निर्णय. लवूने ते चंद्रावतीकडून वाचून घेतले. अर्जदाराने न्यायालयात शपथेवर दिलेल्या जबानीनुसार शस्त्र जमा होईपर्यंतच्या तेहतीस वर्षांत सदर शस्त्राने एकही वन्यप्राणी मारला गेला नाही. सबब अर्जदारास पीकसंरक्षणार्थ शस्त्राची आवश्यकता असल्याचे दिसून येत नाही. परवाना रद्द करण्यात येत आहे.

"परत वाच," लवू म्हणाला. तिने परत वाचले. तेच निघाले.

चाळीस मारली असती तर गुन्हेगार म्हणून बंदूक गेली असती. एकही मारले नाही म्हणून निरुपयोगी म्हणून गेली. लवू पायरीवर बसला आणि त्याला रडू आले. चंद्रावतीने त्याला रडू दिले.

त्याच दिवशी संध्याकाळी देवळात जायचे होते. गुरुप्रसादाने आग्रह धरला होता की कोर्टात माफी मागून भागायचे नाही. देवळात घातलेले गाऱ्हाणे देवळातच फिरवले पाहिजे. त्याने नवा नारळ आणला होता. या वेळी कागद नव्हता.

देऊळ गच्च भरले होते. एरवी एवढी माणसे दसऱ्यालाच येतात, पण ही गंमत कोण चुकवणार? लवू मागच्या खांबाजवळ उभा राहिला, खिशात कचेरीचे पत्र.

"बा देवा म्हाराजा," सत्यवानाने सूर लावला, "त्या वर्सा तुज्या दारात खोटा सांगणा झाला, म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"लवू साटमान गावाचो वाटो खावक नाय, मटाण इकूक नाय, म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"कित्याक तर ह्येना बापाच्या बंदुकीन तेहतीस वर्सांत एक डुकर मारूक नाय, म्हाराजा..."

सूर खाली आला, आणि वायंगणवाडीच्या देवळात पहिल्यांदाच कोणी काही म्हणाले नाही. हसू दाबायला माणसांनी तोंडे मिटली होती. पुढची रांग खांदे हलवत होती. सत्यवान थांबला. "व्हय" पडल्याशिवाय गाऱ्हाणे पुढे सरकत नाही, आणि त्याला कमी दिसत असल्यामुळे काय बिघडले ते कळेना. गुरुप्रसाद मान वळवून मागे लवूला शोधत होता.

लवूने या वेळी प्रत्येक शब्द नीट ऐकला होता. त्याने हात जोडले.

"व्हय म्हाराजा," तो म्हणाला. एकटाच. कोर्टात विचारल्यावर सांगितले होते, इथे कोणी विचारले नव्हते.

मग बायकांच्या बाजूने एक आवाज आला, "व्हय म्हाराजा." तो चंद्रावतीचा होता. त्यामागून गुरुप्रसादाचा, मग, सवयच ती, सगळ्या गावाचा.

दुसऱ्या दिवशी पहाटे लवू बांधावर गेला आणि चंद्रावतीच्या हातातून त्याने डबा घेतला.